जनुकांवरच्या खुणा आणि बोगादीची हवा : काय करावं, कशावर पैसे घालवू नयेत

‘प्रदूषणामुळे जनुकं बदलतात’ अशी बातमी आली की पाठोपाठ ठरलेले प्रश्न येतात. हा बदल मुलांत उतरतो का? त्याची तपासणी करून घ्यावी का? ‘शुद्धी’च्या गोळ्या मिळतात, त्या घेतल्या तर चालतील का? नोकरी-शिक्षणानिमित्त म्हैसूरच्या बोगादी भागात राहणाऱ्या, किंवा मुलाच्या उपचारासाठी मानसगंगोत्रीतल्या वाक्-श्रवण संस्थेजवळ खोली घेतलेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक प्रश्न पडतो : म्हैसूर तर स्वच्छ शहर, मग आपण कशाला काळजी करायची?

थोडक्यात उत्तर असं. प्रदूषणाच्या खुणा जनुकांवर उमटताना दिसतात, हे खरं. पण त्या मोजून तुमचं निदान करणारी चाचणी किंवा त्या पुसून देणारा उपचार आज कुठल्याही दवाखान्यात नाही. तुमच्या हाती आहे तो श्वासावाटे आत जाणारा धूर कमी करणं. पैसा, वेळ आणि काळजी तिथेच खर्च करा.

निर्णयापुरतं शास्त्र

आपल्या पेशींतल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक कधी आणि किती काम करील, हे त्या ठरवतात. पाककृतींच्या वहीतलं एक अक्षरही न खोडता काही पानांना चिमटे लावावेत, तसं हे. मजकूर तोच राहतो, पण चिमटा लागलेलं पान उघडत नाही आणि चिमटा सुटला तर नको ते पान उघडतं. या खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांत आणि रक्तात दाह निर्माण करतात आणि त्या गडबडीत काही खुणा हलतात, अशी समजूत आता बरीच पक्की झाली आहे.

काय दिसलं आहे :

- २००९ साली बोस्टनच्या वयस्क पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीच्या आधीच्या काही दिवसांत हवेत काजळी आणि सूक्ष्म कण जास्त होते, तेव्हा रक्तपेशींच्या डीएनएवरच्या काही खुणा कमी आढळल्या. म्हणजे बदल व्हायला वर्षंच लागतात असं नाही.
- २०१६ साली १३ अभ्यासांतल्या ६,६८५ नवजात बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. गरोदरपणी आईने धूम्रपान केलं असेल तर बाळाच्या डीएनएवर सहा हजारांहून अधिक जागी फरक आढळला.
- त्याच वर्षी सुमारे १६,००० प्रौढांच्या माहितीवरून दिसलं, की धूम्रपान सोडल्यावर बहुतेक खुणा पाच वर्षांत पूर्ववत होतात. काही मात्र तीस वर्षांनंतरही टिकतात.

काय ठरलेलं नाही :

- खूण हेच आजाराचं कारण, की धूर आत गेल्याचा तो केवळ माग, हे बहुतेक ठिकाणी सुटलेलं नाही.
- गटाच्या सरासरीवरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.
- हवेमुळे पडलेल्या खुणा माणसांत नातवंडा-पतवंडांपर्यंत जातात, याला ठाम पुरावा नाही. गर्भधारणेनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जाऊन नव्याने मांडल्या जातात. पोटातल्या बाळावर आईच्या श्वासातल्या धुराचा परिणाम होऊ शकतो, पण तो वेगळा मुद्दा आहे.

तेव्हा ‘माझ्या चुलीच्या धुराने मुलाची जनुकं बिघडली’ असा दोष कोणा आईने स्वतःला लावून घेऊ नये, आणि घरच्यांनी तर तिला मुळीच लावू नये.

कोणी जास्त जपावं?

- गर्भवती आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया. पोटातले नऊ महिने पुढच्या आयुष्यावर परिणाम करतात, याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हैसूरनेच जगाला दिला. इथल्या होल्ड्सवर्थ मिशन रुग्णालयाने १९३४पासून बाळंतपणांच्या नोंदी जपल्या होत्या. त्या शोधून, १९३४ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्या ५१७ जणांची तपासणी झाली आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांत हृदयविकार ११ टक्के, तर ३.१ किलो किंवा त्याहून जास्त असलेल्यांत ३ टक्के. तो अभ्यास हवेचा नव्हता. पण तमिळनाडूतल्या २०१८च्या अभ्यासात गरोदरपणी हवेतले सूक्ष्म कण वाढले तसं बाळाचं वजन थोडं घटलेलं दिसलं. फरक ग्रॅमांत मोजण्याइतका लहान आहे, म्हणून घाबरू नका. कमी करता येण्याजोगी गोष्ट आहे, म्हणून दुर्लक्षही करू नका.
- लहान मुलं. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात.
- दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), हृदयविकार किंवा मधुमेह असलेले.
- चुलीपुढे वर्षं काढलेल्या स्त्रिया. यासाठी म्हैसूर जिल्ह्यातलाच एक हिशेब कामाचा आहे. रोज चुलीपुढे किती तास, गुणिले किती वर्षं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, इथल्या ग्रामीण स्त्रियांवरच्या अभ्यासात हा गुणाकार ६० झाल्यावर जुनाट खोकल्याचा (क्रॉनिक ब्रॉन्कायटिस) धोका ठळकपणे वाढलेला दिसला. रोज तीन तास, वीस वर्षं म्हणजे ६० झाले. तुमच्या आईचा, सासूबाईंचा आकडा काढा. साठ किंवा त्याहून जास्त असेल आणि खोकला किंवा धाप असेल, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) करून घ्या.

‘स्वच्छ शहर’ या पाटीवर विसंबू नका

म्हैसूरने २०१५ साली ४७६ शहरांच्या यादीत आणि २०१६ साली ७३ शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळवला. पण त्या क्रमवारीत भर कचरा, शौचालयं आणि सफाई यांवर होता. हवेची मर्यादा सतत ओलांडणाऱ्या शहरांच्या, म्हणजे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत म्हैसूर नाही, कर्नाटकातली बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी आहेत. म्हणजे म्हैसूरची हवा त्यांच्यापेक्षा बरी मानली जाते, पण तुमच्या गल्लीची हवा कशी आहे ते यावरून कळत नाही.

आकडा पाहताना तीन ठिकाणी गफलत होते.

१. केंद्र कुठलं? कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सतत मोजणी करणारं केंद्र हेब्बाळ पहिल्या टप्प्यात आहे. बोगादीच्या रिंग रोड चौकात संध्याकाळी काय चाललं आहे, हे तिथलं यंत्र सांगू शकत नाही. त्या आकड्यावरून दिवसाचा कल ओळखा. चौकातल्या धुरासाठी स्वतःचे डोळे आणि नाक वापरा.

२. मोजपट्टी कुणाची? पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय पट्टीवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक साधारण ८३ येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकी पट्टीवर त्याच हवेचा आकडा १३७च्या आसपास, म्हणजे नाजूक प्रकृतीच्या लोकांना अपायकारक. दोन अ‍ॅपमध्ये दोन आकडे दिसले तर कुणीतरी खोटं बोलतं आहे असं नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप भारतीय पट्टी वापरतं. एकच अ‍ॅप ठरवा आणि शक्य असेल तर निर्देशांकाऐवजी मायक्रोग्रॅमचा आकडा पाहा.

३. मर्यादा कोणती? पीएम २.५साठी भारताची २४ तासांची मर्यादा ६०, वर्षाच्या सरासरीची ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. घरात गर्भवती किंवा दमेकरी असेल तर ‘समाधानकारक’ या शब्दावर निर्धास्त होऊ नका.

पहिली पायरी : घरातला धूर

रिंग रोडवरची वाहनं तुम्ही थांबवू शकत नाही. उंबऱ्याच्या आतला धूर आजपासून कमी करू शकता, आणि तो नाकाच्या अगदी जवळ असतो.

- उदबत्ती आणि धूप. म्हैसूरच्या उदबत्तीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुवास उत्तम, पण जळणाऱ्या काडीतून सूक्ष्म कण निघतातच. पूजा बंद करायची गरज नाही. एक काडी लावा, खिडकी उघडी ठेवा, बाळ निजतं त्या खोलीत लावू नका. धूप घरभर फिरवणं सणापुरतं ठेवा.
- डासांची कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. दारं-खिडक्या लावून रात्रभर कॉइल जाळणं आधी थांबवा. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी एकदाच्या खर्चात काम करतात.
- बंब किंवा न्हाणीघरातला हंडा. बागेतल्या झावळ्या, नारळाची सोडणं फुकट मिळतात म्हणून आंघोळीचं पाणी त्यावर तापतं. सोलर किंवा विजेचा हीटर घ्या. तेवढं जमत नसेल तर निदान बंब भिंतीपासून दूर, मोकळ्यावर न्या आणि कागदाच्या जागी प्लास्टिकची पिशवी पेटवायला कधीही वापरू नका.
- फोडणी आणि तळण. एक्झॉस्ट पंखा फोडणी घालण्याआधी लावा आणि गॅस बंद केल्यावरही काही वेळ चालू ठेवा. चिमणी घेताना तिची नळी बाहेर जाते का ते पाहा. नळी नसलेली चिमणी तेलकटपणा अडवते आणि बाकीची हवा स्वयंपाकघरातच परत सोडते.
- बिडी-सिगारेट. गॅलरीत ओढलेलीही घरात येते. घरातल्या कुणी सोडली, तर वर सांगितल्याप्रमाणे बहुतेक खुणा पाच वर्षांत मागे फिरतात.
- झाडू. बांधकामांची धूळ घरात बसते, कोरड्या झाडूने ती पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा.

घरकामाला येणाऱ्या मावशींकडे अजून चूल असेल, तर त्यांना उज्ज्वला योजनेचा अर्ज भरायला मदत करा.

दुसरी पायरी : बाहेर जाताना

- मोठ्या रस्त्यालगतच्या पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये वाहनांचा धूर सर्वांत दाट असतो. भाड्याने घर बघताना रिंग रोड किंवा बोगादी रोडवरच्या दर्शनी फ्लॅटपेक्षा दोन गल्ल्या आतलं घर निवडा. निजण्याची खोली मागच्या बाजूला असू द्या. गच्चीखाली डिझेल जनरेटर कुठे आहे, हेही विचारा.
- फिरायला रस्त्याच्या कडेने जाण्यापेक्षा कुक्करहळ्ळी किंवा लिंगांबुधी तळ्याकाठी जा. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा ऊन थोडं वर आल्यावर निघणं बरं. हवेला भिऊन व्यायाम मात्र सोडू नका.
- सर्जिकल किंवा कापडी मास्क सूक्ष्म कण नीट अडवत नाही. दुचाकीवर रोज जात असाल तर एन-९५ वापरा, तो गालाला चिकटून बसला पाहिजे. धाप लागणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारून वापरावा.
- हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर हेपा गाळणीचं घ्या, ओझोन सोडणारं नको. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला तासाला साधारण १७० घनमीटर शुद्ध हवा देणारं यंत्र लागतं. खिडक्या उघड्या ठेवून ते चालवणं म्हणजे वीज वाया घालवणं. म्हैसूरच्या हवेत बहुतेक घरांना त्याच पैशांत मच्छरदाणी, जाळ्या आणि एक्झॉस्ट पंखा घेणं जास्त उपयोगी पडेल.

कोणत्या तपासण्या कराव्यात, कोणत्या नकोत

लाळ किंवा रक्त पाठवून ‘जैविक वय’ किंवा ‘एपिजेनेटिक अहवाल’ देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांच्याकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारा : अहवाल वाईट आला तर डॉक्टर कोणतं औषध बदलतील? आज उत्तर ‘कोणतंच नाही’ असं आहे. शिवाय रक्तातल्या खुणा फुप्फुसातलं चित्र दाखवतीलच असं नाही, आणि साध्या तापानेही रक्तपेशींचं प्रमाण बदलून आकडे हलू शकतात.

उपयोगी तपासण्या जुन्या आणि स्वस्त आहेत :

- खोकला, धाप, छातीत घरघर असेल तर स्पायरोमेट्री. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर आधी क्षयरोगाची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.
- चाळिशीनंतर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल.
- गर्भवतींनी ‘तायी कार्ड’वरच्या (कर्नाटकातलं माता-आरोग्य कार्ड) सर्व तपासण्या वेळेत करणं. घरात चूल, कॉइल किंवा धूम्रपान असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगणं.

गोळ्या आणि काढे

‘बी जीवनसत्त्वं घेतली की प्रदूषणाच्या खुणा पुसतात’ या दाव्यामागे २०१७ सालचा एक प्रयोग आहे. त्यात माणसं होती दहा, आणि गोळ्यांचा डोस रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. तेवढ्यावरून घरोघर गोळ्या सुरू करणं धोक्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या माता-पोषण अभ्यासात दिसलं, की आईच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, अशा जोडीत मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. शाकाहारी मराठी घरांत बी-१२ची कमतरता खूप आढळते. तेव्हा :

- गरोदरपणी डॉक्टरांनी दिलेलं फोलिक अ‍ॅसिड सोडू नका.
- बी-१२ तपासून घ्या, कमी असेल तर सांगितलेल्या डोसात घ्या.
- ‘डीएनए शुद्धी’, ‘फुप्फुस डिटॉक्स’ असं लिहिलेलं काहीही विकत घेऊ नका. दम्याचा पंप बंद करून काढा तर मुळीच नको.

फसवी जाहिरात पाहून पैसे गेले असतील तर पावती आणि जाहिरातीचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.

तक्रार कशी आणि कुठे करावी

प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितलं. उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर २०१६च्या आदेशात त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे.

१. नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा दिसेल असे फोटो. रिकाम्या प्लॉटवर कचरा पेटवला असेल तर किती वेळा, तेही लिहा. एका फोटोपेक्षा महिन्याची नोंद वजनदार ठरते.

२. स्थानिक संस्था. बोगादी पट्टण पंचायतीच्या हद्दीत येते, पण शेजारचा लेआउट दुसऱ्या संस्थेकडे असू शकतो आणि हद्दी बदलण्याच्या हालचालीही चालतात. घरपट्टीच्या ताज्या पावतीवर जिचं नाव, तिच्याकडे तक्रार द्या. भाडेकरू असाल तर घरमालकांकडून पावतीचा फोटो मागा. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

३. राज्य मंडळ. कारखाना, मोठा जनरेटर किंवा भट्टीचा धूर असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या म्हैसूर प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्या.

४. माहिती अधिकार. उत्तर आलं नाही तर तक्रारीवर काय केलं, ते विचारा. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये करा, मराठीतला इथे चालणार नाही. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत मांडावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

५. हरित न्यायाधिकरण. बोगादीसाठी चेन्नईचं खंडपीठ, कोल्हापूर-सांगलीतल्या नातेवाइकांसाठी पुण्याचं. तक्रारीचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये आहे.

तक्रारीत ‘आमची जनुकं बदलली’ असं लिहू नका. ते सिद्ध करता येणार नाही आणि समोरच्याला तेवढाच मुद्दा धरून तुमचा अर्ज हलका ठरवायला जागा मिळेल. कोण, कुठे, कधी, काय जाळतो आणि कोणता नियम मोडतो, एवढंच लिहा. दम्याचा झटका आला असेल तर दवाखान्याचा कागद जोडा.

अभ्यासासाठी रक्त मागितलं तर

म्हैसूरमध्ये आरोग्य संशोधनाची जुनी परंपरा आहे, त्यामुळे तुमच्याकडे किंवा मुलाकडे रक्त किंवा लाळेचा नमुना मागितला जाऊ शकतो. अशा अभ्यासांतूनच वरची माहिती हाती आली, म्हणून शक्य असेल तर सहभागी व्हा. पण आधी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुमचे हक्क जाणून घ्या :

- संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत समजावून दिलं पाहिजे. कन्नड येत नसेल तर स्पष्ट सांगा.
- नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे विचारता येतं.
- नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, हे विचारा.
- कधीही बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.

कुठून सुरुवात करावी

सगळं एकदम जमणार नाही. क्रम असा ठेवा : आज रात्री कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. या आठवड्यात बंब आणि स्वयंपाकघरातल्या धुराला बाहेरची वाट करून द्या. या महिन्यात घरातल्या मोठ्यांचा चुलीचा गुणाकार काढून गरज असेल त्यांची स्पायरोमेट्री करून घ्या आणि गल्लीत कचरा जळत असेल तर पहिली लेखी तक्रार देऊन पोच घ्या. या कामांना कोणत्याही जनुक-चाचणीची गरज नाही, आणि उद्या तशी खात्रीची चाचणी निघालीच, तरी ती तुम्हाला हीच कामं करायला सांगेल.